चालते वेब अ‍ॅप्लिकेशन नव्या लिनक्स सर्व्हरवर नेण्याची पद्धत

सेंटओएस ७ या लिनक्स वितरणाची सुरक्षा-अद्यतने ३० जून २०२४ रोजी बंद झाली. उबुंटू १८.०४ची नेहमीची मुदत त्याच्याही आधी, मे २०२३मध्ये संपली होती. तरीही पुण्यातील लहान-मध्यम व्यवसायांची कितीतरी अ‍ॅप्लिकेशन्स अजून या जुन्या सर्व्हरांवर चालू आहेत, कारण सुरळीत चाललेल्या गोष्टीला हात लावण्याची जबाबदारी कोणी आपणहून घेत नाही. हे काम नीट आखले तर त्यात भिण्यासारखे फारसे काही नाही. मात्र आखणी कशाभोवती करायची, हे आधी ठरले पाहिजे.

पुढील सर्व विवेचनासाठी एक उदाहरण धरू. अप्पा बळवंत चौकातील एका पुस्तक-वितरकाचे मागणी नोंदवण्याचे अ‍ॅप्लिकेशन आहे. शाळा आणि गावोगावचे विक्रेते त्यावर मागणी नोंदवतात, पैसे ऑनलाइन भरतात आणि त्यांना जीएसटीचे बिल पीडीएफच्या रूपात मिळते. हे अ‍ॅप्लिकेशन पीएचपी या भाषेत लिहिलेले असून सेंटओएस ७वर अपाचे (वेब सर्व्हर) आणि मारियाडीबी (डेटाबेस) यांच्या आधाराने चालते. ते आपल्याला उबुंटू २४.०४वर न्यायचे आहे, ज्याला २०२९पर्यंत नियमित अद्यतने मिळणार आहेत.

या कामाचा मुख्य नियम असा की, कोणत्याही क्षणी डेटाबेसमध्ये लिहिणारा सर्व्हर एकच असला पाहिजे. फाइल चुकीच्या जागी गेली तर ती पुन्हा नेता येते, डीएनएसमधील, म्हणजे डोमेनचे नाव कोणत्या आयपी पत्त्याचे हे सांगणाऱ्या यादीतील, नोंद चुकली तर ती दुरुस्त करता येते. पण अर्धा तास जरी दोन्ही सर्व्हर मागण्या घेत राहिले, तर एकाच क्रमांकाची बिले दोन वेगवेगळ्या ग्राहकांच्या हाती पडतात. जीएसटीच्या नियमानुसार बिलाचा क्रमांक सलग, त्या आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ चिन्हांचा असावा लागतो. ग्राहकाकडे पोहोचलेले दुहेरी क्रमांकाचे बिल कोणत्याही कमांडने मागे घेता येत नाही. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर ‘आत्ता लिहिण्याचा अधिकार कोणाकडे आहे?’ हा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता आले तरच पुढे जावे.

जुन्या सर्व्हरची पाहणी

ज्याने हा सर्व्हर पहिल्यांदा उभा केला तो माणूस आज त्या कामावर असेलच असे नाही, आणि त्याने लिहून ठेवलेली माहिती पूर्ण असण्याची शक्यता त्याहून कमी असते. म्हणून कागदपत्रांपेक्षा खुद्द सर्व्हरलाच विचारावे. ‘एसएस’ ही कमांड चालवून कोणकोणते पोर्ट (बाहेरून जोडणी घेणारी क्रमांकित दारे) उघडे आहेत आणि त्यांच्यामागे कोणती सेवा आहे ते पाहावे. चालू सेवांची यादी सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीकडून घ्यावी. क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी, कामे केवळ रूट (सर्वाधिकारी) वापरकर्त्याची न पाहता प्रत्येक वापरकर्त्याची, तसेच ‘क्रॉन.डी’ फोल्डरमधील आणि सिस्टिमडीच्या टायमरमधील स्वतंत्रपणे पाहावीत. रात्रीचा बॅकअप, उधारीच्या आठवणीचे एसएमएस आणि साठ्याचा अहवाल यांसारखी कामे नेमकी अशा कोपऱ्यांत लपलेली असतात. होस्ट्स फाइलमध्ये (नावे आणि आयपी पत्त्यांच्या स्थानिक यादीत) हाताने घातलेल्या नोंदी, रूटच्या होम फोल्डरमध्ये पडलेल्या स्क्रिप्ट आणि लॉग (घडामोडींच्या नोंदी) फिरवण्याची व्यवस्था हेही तपासावे.

मराठी अ‍ॅप्लिकेशनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते, ती म्हणजे फॉन्ट. जुन्या सर्व्हरवर कोणीतरी कधीकाळी लोहित किंवा नोटो देवनागरी बसवलेला असतो, म्हणून बिलावर पुस्तकांची नावे नीट उमटत असतात. नवा सर्व्हर किमान सामग्रीचा असतो. त्यावर देवनागरी फॉन्ट नसला की पीडीएफ तयार होते, त्रुटीचा कोणताही संदेश येत नाही आणि पुस्तकाच्या नावाच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग छापली जाते. लॉग पाहून हा दोष कळणार नाही, त्यासाठी पीडीएफ उघडूनच पाहावी लागते. ‘एफसी-लिस्ट’ कमांडने जुन्या सर्व्हरवरील फॉन्टची यादी घ्यावी आणि तेच फॉन्ट नव्यावर बसवावेत. फॉन्ट बदलला तर अक्षरांची रुंदी बदलते आणि बिलाचे तक्तेही हलतात.

बाहेरच्या जगाशी असलेले संबंध हा पाहणीचा सर्वांत वेळखाऊ भाग आहे. पेमेंट गेटवे, एसएमएस पाठवणारी कंपनी, कुरिअरची प्रणाली, लेखापालाच्या कार्यालयातील फायरवॉल यांपैकी अनेकांनी जुन्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यालाच परवानगी दिलेली असते. नवा पत्ता त्यांच्या यादीत जाण्यासाठी ईमेल, अर्ज, काही ठिकाणी अधिकृत सहीचे पत्र लागते आणि त्यात दिवस जातात. तेव्हा नवा सर्व्हर घेतल्याबरोबर त्याचा स्थिर पत्ता या सर्वांना कळवावा, आणि जुना पत्ता काढून न टाकता नवा त्याच्या जोडीला घालण्याची विनंती करावी. सर्व्हरवरून थेट ईमेल जात असेल तर डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (त्या डोमेनचे ईमेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्या यादीत) नवा पत्ता घालावा आणि त्या पत्त्याची उलट डीएनएस नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) करून घ्यावी. अनेक क्लाउड पुरवठादार ईमेलसाठीचे, बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवतात, याचीही आधीच चौकशी करावी.

कोणती रात्र निवडावी

पाठ्यपुस्तकांच्या व्यवसायात मे आणि जून हे महिने हात लावण्याजोगे नसतात, आणि मार्चअखेर हिशेबाच्या धांदलीची असते. गणेशोत्सवाचे दिवसही टाळावेत असे माझे स्पष्ट मत आहे. ऑनलाइन मागण्या त्या काळात कमी असतात हे खरे, पण दुकानातील एखादा संगणक किंवा प्रिंटर नव्या पत्त्याशी जुळवण्यासाठी कोणाला प्रत्यक्ष पोहोचायचे झाले, तर पेठांमधील बंद रस्त्यांतून वाट काढत जावे लागते.

आठवड्यातील वार निवडताना अनेकांचा कल शनिवारच्या रात्रीकडे असतो. माझा सल्ला सोमवारच्या किंवा मंगळवारच्या रात्रीचा आहे. रविवारी सकाळी काही अडले तर पेमेंट गेटवेकडे किंवा एसएमएस कंपनीकडे निर्णय घेऊ शकेल असा माणूस भेटणे कठीण असते. बुधवारची रात्रही नको, कारण पुण्यात महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी होतात, आणि नव्या सर्व्हरच्या पहिल्याच दिवशी दुकानात वीज नसेल तर दोष सर्व्हरचा की विजेचा हे शोधण्यात वेळ वाया जातो.

नव्या सर्व्हरची उभारणी

जागेच्या निवडीत फार अडकू नये. अ‍ॅझ्युअरचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉनचा विभाग २०१६पासून आणि गूगलचा २०१७पासून मुंबईत आहे. पुण्यातील ग्राहकाला या दोन शहरांतील फरक जाणवणार नाही. त्यापेक्षा डिस्कचा वेग, बॅकअपची सोय आणि अडचणीच्या वेळी मिळणारी मदत पाहून निर्णय घ्यावा.

सर्व्हर हाती आल्यावर प्रथम अद्यतने बसवावीत, स्वतंत्र वापरकर्ता तयार करावा, एसएसएचसाठी (सर्व्हरवरील दूरस्थ प्रवेशासाठी) सांकेतिक किल्ली वापरून पासवर्डने होणारा प्रवेश बंद करावा आणि रूटचा थेट प्रवेशही बंद करावा. हे बदल करताना एक जोडणी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने प्रवेश करून पाहावा. तो जमल्यावरच पहिली जोडणी बंद करावी. फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ एवढीच पोर्ट उघडी असावीत. डेटाबेसचे ३३०६ पोर्ट बाहेरून दिसता कामा नये. क्लाउडवर बहुधा दोन फायरवॉल असतात, एक सर्व्हरमधील आणि एक पुरवठादाराच्या पॅनेलवरील, दोन्ही तपासावेत.

यानंतर वेळेचा विभाग पाहावा. क्लाउडवरील नवे सर्व्हर सहसा यूटीसीवर असतात, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. क्रॉनमध्ये पहाटे २ वाजताचे म्हणून लिहिलेले बॅकअपचे काम अशा सर्व्हरवर सकाळी साडेसात वाजता सुरू होते. बिलांच्या बाबतीत परिणाम याहून गंभीर असतो: १ एप्रिलच्या पहाटे ३ वाजता एखाद्या शाळेने नोंदवलेल्या मागणीचे बिल ३१ मार्च या तारखेने, म्हणजे मागील आर्थिक वर्षात निघते. ‘टाइमडेटसीटीएल’ कमांडने विभाग ‘आशिया/कोलकाता’ करावा, क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करावी, पीएचपीच्या सेटिंगमध्येही तोच विभाग लिहावा आणि डेटाबेसला सध्याची वेळ विचारून तिन्ही ठिकाणी एकच उत्तर येते याची खात्री करावी.

आवृत्त्यांबाबत एक निर्णय येथेच घ्यावा लागतो. उबुंटू २४.०४बरोबर पीएचपी ८.३ येते, आणि आपले अ‍ॅप्लिकेशन समजा ७.४वर आहे, ज्याचा आधार नोव्हेंबर २०२२मध्ये संपला. जागा बदलणे आणि आवृत्ती बदलणे ही दोन कामे एकाच रात्री करू नयेत. तसे केल्यास सकाळी आलेली प्रत्येक तक्रार स्थलांतरामुळे आहे की पीएचपीच्या बदललेल्या वागण्यामुळे आहे, हे वेगळे काढता येत नाही. एकतर काही आठवडे आधी जुन्या सर्व्हरवरच अ‍ॅप्लिकेशन ८.३शी जुळवून घ्यावे, किंवा नव्या सर्व्हरवर तात्पुरती ७.४ बसवून, स्थलांतर स्थिरावल्यावर लगेच पुढची आवृत्ती हाती घ्यावी. पहिला मार्ग अधिक चांगला. याच न्यायाने अपाचे सोडून एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरकडे जाण्याचा मोहही त्या रात्री टाळावा, कारण ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलींतील अपाचेचे नियम एनजिनएक्स वाचत नाही.

डेटाबेस आणि त्यातील मराठी

या भागाला हवा तेवढा वेळ द्यावा. इंग्रजी मजकुराच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये न दिसणारा एक जुना दोष मराठी मजकुराच्या डेटाबेसमध्ये वर्षानुवर्षे दडून राहिलेला असू शकतो, आणि तो स्थलांतराच्या दिवशीच बाहेर पडतो.

दोष असा असतो: अ‍ॅप्लिकेशन मराठी मजकूर यूटीएफ-८मध्ये (सर्व लिप्या मावणाऱ्या चिन्हसंचात) पाठवत असते, पण डेटाबेसशी झालेली जोडणी स्वतःला लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांपुरता चिन्हसंच) म्हणवत असते. लिहिताना झालेली चूक वाचताना उलट दिशेने पुन्हा होते, दोन चुका एकमेकींना झाकतात आणि पडद्यावर मराठी अगदी व्यवस्थित दिसते. नव्या सर्व्हरवर, उबुंटूच्या मारियाडीबीमध्ये, जोडणीचा चिन्हसंच यूटीएफ-८एमबी४ (चार बाइटांपर्यंतचा पूर्ण यूटीएफ-८) असा ठरवून आलेला असतो. त्यामुळे दोनपैकी एकच चूक शिल्लक राहते, आणि पुस्तकाच्या नावाऐवजी डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए, चलनाचे गोल चिन्ह, येनचे चिन्ह अशी अक्षरे दिसू लागतात. हीच चिन्हे का, याचे कारण सोपे आहे. देवनागरीचे प्रत्येक अक्षर यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचे असते आणि त्यांतील पहिल्या दोन बाइटांना लॅटिन-१मध्ये नेमके हेच अर्थ आहेत.

तपासणीसाठी ग्राहकांच्या तक्त्यातील अशी एक ओळ घ्यावी जिच्या शहराच्या रकान्यात फक्त ‘पुणे’ हा शब्द आहे. त्या रकान्यावर ‘कॅर-लेंग्थ’ हे फंक्शन चालवावे. प, उकार, ण आणि एकाराची मात्रा अशी चार चिन्हे असल्यामुळे उत्तर ४ यायला हवे. १२ आले तर डेटाबेस एकेका बाइटला एकेक अक्षर समजत आहे. मग त्याच रकान्यावर ‘हेक्स’ फंक्शन चालवावे. सुरुवात ‘ई०, ए४, एए’ अशी असेल तर बाइट शुद्ध आहेत आणि केवळ रकान्यावरचा शिक्का चुकीचा आहे; सुरुवात ‘सी३, ए०, सी२, ए४’ अशी असेल तर मजकूर खरोखरच दोनदा रूपांतरित होऊन साठवला गेला आहे. पहिल्या प्रकारात रकाना आधी बायनरी प्रकाराचा आणि मग यूटीएफ-८एमबी४चा केला की काम होते. दुसऱ्या प्रकारात त्याआधी लॅटिन-१मध्ये रूपांतराची एक पायरी वाढते. काही तक्त्यांत जुन्या ओळी चुकीच्या आणि नव्या ओळी बरोबर अशी सरमिसळ असते. तेथे सरसकट दुरुस्ती केल्यास चांगल्या ओळी बिघडतात, म्हणून ओळी वेगळ्या काढूनच पुढे जावे.

ही दुरुस्ती स्थलांतराच्या रात्री करू नये. पाहणीत दोष आढळला आणि हाताशी वेळ असला तर डेटाबेसच्या प्रतीवर सराव करून जुन्या सर्व्हरवरच तो निस्तरावा, आणि त्याच वेळी अ‍ॅप्लिकेशनच्या जोडणीतही यूटीएफ-८एमबी४ असे लिहावे, कारण मजकूर आणि जोडणी एकत्रच बदलावी लागतात. वेळ नसला तर अ‍ॅप्लिकेशनच्या जोडणीत लॅटिन-१ असे उघडपणे लिहून जुने वागणे नव्या सर्व्हरवर जसेच्या तसे टिकवावे आणि दुरुस्ती नंतर निवांत करावी.

प्रत्यक्ष डम्प, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, घेताना ‘मायएसक्यूएलडम्प’ कमांडला चिन्हसंच यूटीएफ-८एमबी४ असा स्पष्ट सांगावा, जुन्या आवृत्तीचा गृहीत चिन्हसंच तीन बाइटांचाच असल्यामुळे चार बाइटांच्या इमोजीच्या जागी प्रश्नचिन्हे येऊ शकतात. ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांचे एका क्षणाचे सुसंगत चित्र देतो, मात्र मायआयसॅम या जुन्या प्रकारच्या तक्त्यांना त्याचा उपयोग होत नाही, आणि जुन्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये असे तक्ते अजून सापडतात. ट्रिगर (बदल होताच चालणारे आदेश) आपोआप येतात, पण साठवलेली प्रोसीजर (डेटाबेसमधील आदेशमाला) आणि इव्हेंट (वेळापत्रकानुसार चालणारे आदेश) वेगळे मागावे लागतात. ‘मायएसक्यूएल’ नावाचा अंतर्गत डेटाबेस जुन्या मारियाडीबी ५.५मधून नव्या १०.११मध्ये भरू नये. वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार नव्याने तयार करावेत. जुन्या प्रोसीजर आणि व्ह्यू (साठवलेले प्रश्न) ज्या वापरकर्त्याच्या नावाने लिहिलेले असतात तो नव्या ठिकाणी नसला तर ते भरले जातात, पण चालवताना अडतात, हेही ध्यानात ठेवावे. कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम आणि तुलना ठरवणारा नियम, जुने होते तेच ठेवावे, अन्यथा पुस्तकांच्या यादीचा क्रम बदलतो आणि एकमेवतेच्या अटी वेगळ्या वागू शकतात.

मारियाडीबी १०.२च्या काळापासून कडक पद्धत मूळचीच लागू असते. जुना डेटाबेस रकान्यात न मावणारे लांबलचक नाव गुपचूप कापून साठवत असे. नवा ते नाकारतो. हे वागणे योग्यच आहे, पण ‘मागणी नोंदवली जात नाही’ अशा तक्रारीच्या रूपाने ते समोर येऊ नये, म्हणून सर्वांत लांब नावाच्या पुस्तकाची नोंद तालमीत करून पाहावी.

फाइली

फाइलींसाठी आरसिंक ही प्रत नेणारी कमांड पुरेशी आहे. ‘आर्काइव्ह’ पर्याय वापरावा आणि स्रोत फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ आहे की नाही याकडे लक्ष द्यावे. रेघ असली तर आतील सामग्री जाते, नसली तर फोल्डरसह जाते. काही दिवस आधी एक पूर्ण प्रत न्यावी, म्हणजे शेवटच्या रात्री केवळ बदललेल्या फाइली जातील. सेंटओएसवर अपाचेचा वापरकर्ता ‘अपाचे’ असून त्याचा क्रमांक ४८ असतो, उबुंटूवर तो ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ असून क्रमांक ३३ असतो. त्यामुळे प्रत नेल्यानंतर मालकी बदलावी लागते, आणि लिहिण्याची मुभा फक्त अपलोड आणि कॅशच्या फोल्डरांना द्यावी. अ‍ॅप्लिकेशनची सांकेतिक किल्ली जुनीच ठेवावी; नवी तयार केली तर जुनी सांकेतिक माहिती कायमची वाचता येणार नाही.

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे एचटीटीपीएस प्रमाणपत्र सहसा ९० दिवसांचे असते आणि नेहमीच्या पद्धतीने ते मिळवताना डोमेन त्या सर्व्हरकडे वळलेले असावे लागते. म्हणून जुन्या सर्व्हरवरील प्रमाणपत्रांचे पूर्ण फोल्डर, त्यातील सिम्लिंकसह (दुसऱ्या फाइलीकडे नेणाऱ्या दुव्यांसह), उचलून आणावे आणि डोमेन वळल्यावर नूतनीकरणाची चाचणी घ्यावी.

रंगीत तालीम

पहिल्या पूर्ण डम्पनंतर नवा सर्व्हर खऱ्यासारखा चालवून पाहावा. आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये डोमेनच्या नावापुढे नवा पत्ता लिहिला की फक्त आपल्याला नवा सर्व्हर दिसतो आणि बाकी सर्व ग्राहक जुन्यावरच राहतात.

तालीम सुरू करण्याआधी नव्या सर्व्हरवरील क्रॉन पूर्ण बंद आहे, आणि एसएमएस, ईमेल व पेमेंट सेवांच्या सांकेतिक किल्ल्या चाचणीच्या आहेत, याची खात्री करून घ्यावी. त्या डेटाबेसमध्ये खऱ्या ग्राहकांचे खरे मोबाइल क्रमांक असतात. उधारीच्या आठवणीचा एसएमएस जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सर्व्हरवरून गेला, तर ज्या शाळेचे आणि दुकानाचे संबंध दोन पिढ्यांचे आहेत तिथल्या मुख्याध्यापकांना दोनदा तगादा जातो.

तालमीत मागणी नोंदवावी, चाचणीचे पैसे भरावेत, मराठी नावांचे बिल काढून उघडून पाहावे, पासवर्ड विसरल्याची प्रक्रिया करावी, मोठी एक्सेल फाइल अपलोड करावी. ओळींची संख्या ‘काउंट’ने प्रत्यक्ष मोजावी, माहिती-तक्त्यातील इनोडीबीचे आकडे अंदाजे असतात. केवळ संख्येवर न थांबता चालू वर्षातील बिलांच्या रकमांची बेरीज आणि शेवटचा बिल क्रमांक दोन्हीकडे ताडून पाहावा. हे आकडे दुकानाच्या हिशेबनिसांना दाखवावेत, कारण चुकीचा आकडा त्यांच्या नजरेला आपल्याआधी दिसतो.

यानंतर सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. हाताने सुरू केलेली सेवा ‘इनेबल’ केलेली नसेल तर ती सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर उठत नाही, आणि हे कळण्याची योग्य वेळ तालमीचीच आहे. डम्प घेणे, नेणे, भरणे आणि तपासणे या प्रत्येकाला किती वेळ लागला ते घड्याळ लावून नोंदवावे. त्यांची बेरीज आणि वर तितकाच मोकळा वेळ धरून सेवा बंद ठेवण्याचा काळ ठरवावा व ग्राहकांना तसे आधी कळवावे.

बदलाची रात्र

डीएनएसमधील टीटीएल, म्हणजे इतर यंत्रे ती नोंद स्मरणात ठेवतात तो काळ, अनेकदा ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असतो. तो किमान एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावा. आयपीव्ही६ची (नव्या प्रकारच्या आयपी पत्त्याची) वेगळी नोंद आहे का तेही पाहावे, कारण ती विसरली गेली तर काही मोबाइल ग्राहक जुन्याच सर्व्हरवर जात राहतात. ईमेलच्या एमएक्स नोंदींना हात लावू नये.

ठरलेल्या वेळी जुन्या आणि नव्या दोन्ही सर्व्हरवर देखभालीचे पान लावावे आणि जुन्यावरील क्रॉन थांबवावे. अर्धवट राहिलेली पेमेंट पूर्ण होण्यासाठी काही मिनिटे थांबावे आणि रांगेतील कामे संपू द्यावीत. मग शेवटचा डम्प घ्यावा आणि त्यानंतर जुनी डेटाबेस सेवा बंद करून ती आपोआप सुरू होणार नाही अशी ‘डिसेबल’ करावी. या क्षणी लिहिण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो, आणि तसेच असायला हवे. आरसिंकची शेवटची फेरी ‘डिलीट’ पर्यायासह घ्यावी, मात्र त्याआधी तीच कमांड ‘ड्राय-रन’ने चालवून काय पुसले जाणार आहे ते वाचावे. तालमीतील डेटाबेस पूर्ण काढून टाकून नवा डम्प भरावा, म्हणजे चाचणीच्या मागण्या खऱ्या हिशेबात मिसळणार नाहीत. खऱ्या किल्ल्या घालाव्यात, बेरजा आणि शेवटचा बिल क्रमांक पुन्हा ताडावा.

परत फिरण्याचा निर्णय याच टप्प्यावर घ्यायचा असतो. देखभालीचे पान असेपर्यंत जुन्या सर्व्हरवर परतणे फुकट आहे. सेवा सुरू करून पान काढले की काम झाले. नव्या सर्व्हरवर पहिली खरी मागणी पडल्यानंतर मात्र परतीची किंमत वाढते, कारण ती मागणी आणि तिचे बिल मागे न्यावे लागते. म्हणून आधीच एक वेळ ठरवावी, उदाहरणार्थ पहाटे ३, आणि तोपर्यंत आकडे जुळले नाहीत तर चर्चा न करता जुना सर्व्हर सुरू करावा. दमलेल्या अवस्थेत ‘आणखी अर्धा तास पाहू’ असे प्रत्येकालाच वाटते. त्यासाठीच ही वेळ दिवसाउजेडी, मालकांच्या संमतीने ठरलेली असावी.

आकडे जुळल्यावर डीएनएसमध्ये नवा पत्ता घालावा. टीटीएल कमी केला तरी काही ठिकाणी जुना पत्ता रेंगाळतो, आणि पेमेंट गेटवेकडून येणाऱ्या सूचनाही कधी कधी जुन्याच पत्त्यावर येत राहतात. त्यांच्यासाठी जुन्या सर्व्हरवरील देखभालीच्या पानाऐवजी अपाचेची प्रॉक्सी लावावी, जी आलेली प्रत्येक विनंती नव्या सर्व्हरकडे पोहोचवते. जुनी डेटाबेस सेवा बंदच असल्यामुळे आपला मुख्य नियम अबाधित राहतो आणि एकही ग्राहक किंवा पेमेंटची सूचना दारातून परत जात नाही. नंतर नव्या सर्व्हरवरील देखभालीचे पान काढून स्वतः एक खरी, लहान रकमेची मागणी नोंदवावी, बिल पाहावे आणि सर्वांत शेवटी क्रॉन सुरू करावे.

नंतरचे दिवस

पहिल्या सकाळी दुकान उघडण्याच्या वेळी कोणीतरी लॉगवर लक्ष ठेवून बसलेले असावे. अपाचेच्या आणि पीएचपीच्या त्रुटी, मारियाडीबीचा मंद प्रश्नांचा लॉग, डिस्कवरील मोकळी जागा आणि ईमेलची रांग एवढे पाहणे पुरते. पहिल्या रात्रीचा बॅकअप खरोखर झाला का ते पाहावे आणि तो दुसऱ्या एखाद्या यंत्रावर भरून उघडून पाहावा, कारण न उघडलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही. सर्व स्थिर झाल्यावर टीटीएल पुन्हा वाढवून तासाभराचा करावा.

जुना सर्व्हर लगेच सोडून देऊ नये. एक पूर्ण महिना आणि त्यातील महिनाअखेरचे सर्व अहवाल नव्या सर्व्हरवर निघेपर्यंत तो ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. महिन्यातून एकदाच चालणारे एखादे काम पाहणीतून निसटलेले असू शकते आणि त्याची स्क्रिप्ट फक्त तिथेच असते. प्रॉक्सीच्या लॉगमध्ये येणाऱ्या विनंत्या कोणाच्या आहेत ते अधूनमधून वाचावे आणि जे कोणी अजून जुन्या पत्त्यावर येत आहेत त्यांना कळवावे. मग जुन्या सर्व्हरच्या डिस्कची शेवटची पूर्ण प्रत (इमेज) काढून सुरक्षित ठेवावी, डिस्कवरील ग्राहकांची माहिती पुसावी, एसपीएफ नोंदीतून आणि पेमेंट गेटवेच्या परवानगी-यादीतून जुना पत्ता काढून घ्यावा. आयपी पत्ता पुरवठादाराकडे परत करण्याआधी डोमेनची संपूर्ण डीएनएस यादी एकदा वाचावी. चाचणीसाठी कधीतरी केलेले एखादे उपडोमेन अजून त्याच पत्त्याकडे बोट दाखवत असेल, तर तो पत्ता उद्या ज्या अनोळखी ग्राहकाला मिळेल त्याच्या हाती दुकानाच्या नावाचे एक पान आयतेच जाते.